साथ ओसरते, उधारी राहते

मागच्या अंकातल्या साथीच्या रोगांवरील लेखानंतर जी पत्रे आली, त्यांत औषधपाण्यापेक्षा पैशांचेच प्रश्न जास्त होते. पेडण्यापासून सासष्टीपर्यंतच्या वाचकांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. लांब पत्रे आखूड केली आहेत. नावे न छापण्याची बहुतेकांची विनंती होती, म्हणून फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : एप्रिल २०२० मध्ये गोव्यात कोविडचे एकूण सात रुग्ण होते आणि तेही महिना संपायच्या आत बरे झाले. तरी माझ्या टॅक्सीला पुढचे कित्येक महिने भाडे नव्हते. रोगच नव्हता, तर नुकसान कशाचे? (टॅक्सीव्यावसायिक, मडगाव)

उत्तर : साथीचे नुकसान तीन वाटांनी घरात शिरते. पहिली वाट आजाराची : माणूस अंथरूण धरतो, मजुरी बुडते, इस्पितळाचा खर्च अंगावर पडतो, कधी कमावता माणूसच जातो. दुसरी भीतीची : धडधाकट माणूसही प्रवास, लग्न, मोठी खरेदी पुढे ढकलतो. तिसरी बंदीची : सरकार गाड्या, विमाने, बाजार थांबवते. २०१४ साली इबोलाचा हिशेब मांडताना जागतिक बँकेने सार्स आणि स्वाइन फ्लूचे दाखले दिले होते. अशा साथींतल्या एकूण आर्थिक फटक्यापैकी ८० ते ९० टक्क्यांपर्यंत वाटा लोकांच्या बदललेल्या वागण्याचा असतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

आपल्याकडचे जुने उदाहरण सुरतेचे. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेगची बातमी फुटली. मृत्यू पन्नासच्या आसपास. पण लाखो माणसे काही दिवसांत शहर सोडून गेली, हिऱ्यांचे आणि कापडाचे कारखाने ओस पडले, आखाती देशांनी भारताची विमाने थांबवली आणि आपला माल परत पाठवला. देशाच्या नुकसानीचा अंदाज दोनशे कोटी डॉलरच्या घरात गेला. रोग सुरतेत आणि ऑर्डर रद्द मुंबई-दिल्लीच्या निर्यातदारांची, असा तो प्रकार.

तुमच्या टॅक्सीचे तेच झाले. गिऱ्हाईक दिल्लीत, पुण्यात, मॉस्कोत बसलेले. मडगावात रुग्ण सात असोत की शून्य, दाबोळीला विमानच उतरत नव्हते. २०१९ मध्ये गोव्यात सुमारे ८० लाख पर्यटक आले होते, त्यांत नऊ लाखांवर विदेशी. २०२० मध्ये हा आकडा ३० लाखांच्या आत आला, आणि त्यातलेही बरेचसे मार्चच्या मध्यापूर्वीच येऊन गेलेले. २०२१ मध्ये विदेशी पर्यटक जेमतेम २२ हजार. त्यात लोहखनिजाच्या खाणी मार्च २०१८ पासून बंद होत्या, म्हणजे राज्य आधीच एका पायावर उभे होते. खाणीचा ट्रक विकून टॅक्सी घेतलेल्यांना दोनदा मार बसला.

बंदी उठली की भीतीही उठते, असे धरून चालू नका. गोवा सरकारने २ जुलै २०२० पासून देशी पर्यटकांना दार उघडले, सुमारे अडीचशे हॉटेलांना परवानगी दिली. रस्त्यावर पर्यटक दिसायला मात्र दिवाळी यावी लागली. धंद्याचा अंदाज बांधताना सरकारी तारखेत निदान तीन-चार महिने मिळवावेत.

प्रश्न : २०२१ मध्ये बातम्यांत ऐकले की अर्थव्यवस्था २० टक्क्यांनी वाढली. एवढी वाढ, तर आमच्या बाजारात ती दिसली का नाही? (किराणा दुकानदार, पेडणे)

उत्तर : तुलना कशाशी केली आहे ते पाहा. एप्रिल ते जून २०१९ या तिमाहीत देशाचे उत्पन्न, महागाई वगळून, ३५.६६ लाख कोटी रुपये होते. २०२० च्या त्याच तिमाहीत ते २६.९५ लाख कोटींवर कोसळले. २०२१ मध्ये ३२.३८ लाख कोटी झाले. २६.९५ वरून ३२.३८ ही वाढ २० टक्के भरते, बातमी खोटी नव्हती. पण ३५.६६ च्या मानाने ते अजून नऊ टक्के खालीच होते. चोवीस टक्के पडलेल्याला पूर्वीच्या जागी यायला चोवीस पुरत नाहीत, बत्तीस टक्के चढावे लागते. (हे त्या वेळी जाहीर झालेले आकडे. पुढे त्यांत दुरुस्त्या झाल्या, हिशेबाची तऱ्हा तीच राहते.)

दुसरी गोष्ट मोजमापाची. पोदेर (पाववाला), रस्त्यावरचा गाडा, मोटारसायकल पायलट (दुचाकीवरून भाड्याने नेणारा), गवंड्याच्या हाताखालचा मजूर यांची मिळकत दर तिमाहीला कोणी मोजत नाही. नोंदणीकृत कंपन्यांच्या आकड्यांवरून बाकीच्यांचा अंदाज बांधतात. साध्या वर्षी हे बऱ्यापैकी चालून जाते. साथीत मोठी कंपनी तरते आणि गाडा बुडतो, तेव्हा हा अंदाज नेमका उलटा पडतो. शेती मात्र त्या पडझडीच्या तिमाहीतही तीन टक्क्यांवर वाढली होती, म्हणून तुमच्याकडे तांदूळ आला आणि उधारीवर गेला.

प्रश्न : माझा किनाऱ्यावर शॅक (हंगामापुरते उभारलेले उपाहारगृह) आहे. पुढे अशी वेळ आली तर किती रक्कम हाताशी हवी? आणि २०२० मध्ये कर्जाचे हप्ते सहा महिने पुढे ढकलले, ते शहाणपणाचे होते का? (कळंगुट)

उत्तर : आधी खर्चाचे दोन ढीग करा. मासळी, भाजी, बियर, गॅस हा धंदा चालू असेल तरच होणारा खर्च. तो बाजूला ठेवा, तो बंदीबरोबर आपोआप थांबतो. बंद दारामागेही चालणारा खर्च वेगळा लिहा. समजा, कर्जाचा हप्ता २१,२४७, सोडून जाऊ नयेत म्हणून ठेवलेले दोन कामगार ३०,०००, बांबू-फळ्या-खुर्च्या ठेवण्याच्या जागेचे भाडे ८,०००, वीज-फोन २,०००, घरखर्च ३०,०००. बेरीज ९१,२४७, म्हणजे दिवसाला सुमारे ३,०४० रुपये. हाती दोन लाख असतील तर ६६ दिवस निघतात.

आता कॅलेंडर लावा. टाळेबंदी २५ मार्च २०२० ला सुरू झाली. सहासष्टावा दिवस २९ मे. शॅक पुन्हा उभा राहायचा तो ऑक्टोबरात. मधले चार महिने उघडेच.

ग्यानबाची मेख इथेच आहे. शॅकवाल्याला बिनमिळकतीचा पावसाळा नवा नाही, तो दर वर्षी असतोच. पण पुरुमेंताचे (पावसाळ्यासाठीच्या साठवणीचे) पैसे येतात मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांत. साथीने तेच महिने खाल्ले. हीच बंदी जुलैत आली असती तर किनारपट्टीचे नुकसान निम्मेही झाले नसते. म्हणून तुमचा राखीव पैसा पावसाळ्याच्या चार महिन्यांइतका असून भागत नाही, त्यात हंगामाचे शेवटचे दोन-अडीच महिने मिळवा. वरच्या उदाहरणात ते साडेपाच ते सहा लाख होतात. एका हंगामात एवढे साठणार नाहीत. डिसेंबरच्या गल्ल्यातून दर आठवड्याला ठरावीक रक्कम आवर्ती ठेवीत टाकली, तर तीन हंगामांत होण्यासारखे आहे.

हप्त्यांचे गणित असे. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातले हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली. व्याज मात्र चालूच होते. दहा लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, ६० हप्ते बाकी, असे धरू. सहा महिने काहीच न भरता दहा लाखांचे १०,५१,०५३ झाले. हप्ता तोच ठेवला तर आता ६० ऐवजी ६४ हप्ते भरावे लागतात, म्हणजे जवळजवळ ८६ हजार रुपये जास्त. पुढे केंद्र सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर 'व्याजावरचे व्याज' परत केले आणि त्याचा गाजावाजा बराच झाला. वरच्या कर्जावर ते भरते फक्त १,०५३ रुपये. मूळ व्याजाचे पन्नास हजार माफ झालेले नव्हते. पुष्कळांचा गैरसमज तिथेच झाला.

चांगला मार्ग मधला होता. पूर्ण हप्ता झेपत नसेल तर दरमहा निदान व्याज, या उदाहरणात ८,३३३ रुपये, भरत राहायचे. त्याने मुद्दल फुगत नाही आणि ६० चे ६० च राहतात. हाती पंधरा दिवसांचा पैसा उरला असेल तर मात्र सवलत पूर्ण घ्यावी, कामगार आणि घर आधी. सहा महिन्यांची रोकड असूनही केवळ मिळते म्हणून सवलत घेणाऱ्याने आपणहून ८६ हजार दिले.

मे २०२० मध्ये सरकारी हमीचे तातडीचे कर्ज आले. २९ फेब्रुवारी २०२० ला बँकेत जेवढी बाकी होती तिच्या २० टक्के, नवे तारण न देता. बँकेचा व्याजदर जास्तीत जास्त ९.२५ टक्के. हॉटेल आणि पर्यटनवाल्यांसाठी मार्च २०२१ मध्ये मर्यादा ४० टक्के झाली, मुदत सहा वर्षे, पहिली दोन वर्षे फक्त व्याज. योजना बरी होती. तिचे दार मात्र ज्याच्या नावावर आधीपासून कर्ज होते त्यालाच उघडे. भावाकडून, सोनाराकडून, बियर पुरवणाऱ्याकडून उचल घेऊन शॅक चालवणाऱ्याला २० टक्के शून्यावर मिळाले, म्हणजे शून्य. म्हणून गरज नसली तरी लहानसे खेळते भांडवल बँकेतून घेऊन नियमित फेडत राहावे. उद्यम नोंदणी धंद्याच्या नावे असावी, आणि यूपीआयचा कोड बायकोच्या बचत खात्याला न जोडता धंद्याच्या चालू खात्याला जोडावा. संकटात बँक आधी मागचे स्टेटमेंटच मागते, आणि त्यात गल्ला दिसला नाही तर तुमचा धंदा तिच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

प्रश्न : साथीमुळे धंदा बंद पडला तर विमा मिळतो का? (गेस्टहाउस, बागा)

उत्तर : बहुधा नाही. नफ्याच्या नुकसानीची पॉलिसी आगीच्या पॉलिसीला जोडलेली असते. आग, पूर यांनी मालमत्तेला इजा झाली तरच ती लागू पडते. विषाणूने खोलीची भिंत पडत नाही.

प्रश्न : साथीच्या काळात बांगड्या गहाण ठेवून बँकेतून कर्ज काढले. पुढच्या वर्षी बँकेने आणखी पैसे भरा नाहीतर लिलाव, अशी नोटीस दिली. वजन तेच, सोने तेच, मग हे कसे? (गृहिणी, कुडचडे)

उत्तर : वजन तेच होते, भाव तो राहिला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा ३१ मार्च २०२१ पर्यंत दिली. अडलेल्यांना जास्त पैसे मिळावेत हा हेतू. पण नेमके त्याच महिन्यात सोने शिखरावर होते, दहा ग्रॅमला ५५ हजारांच्या आसपास. मार्च २०२१ पर्यंत ते ४५ हजारांच्या घरात उतरले.

दहा ग्रॅमवर ९० टक्क्यांनी ४९,५०० रुपये उचलले, दहा टक्के व्याजाने आठ महिन्यांत ३,३०० चढले, देणे झाले ५२,८००. तारण उरले ४५,००० चे. बँक नोटीस काढणारच. जुन्या ७५ टक्क्यांच्या नियमाने ४१,२५० मिळाले असते, व्याजासह देणे ४४,००० होते, आणि बांगडी काठावर का होईना वाचली असती. 'जास्त मिळते' आणि 'जास्त झेपते' यात हाच फरक.

पुढच्या खेपेस भावाच्या ६० ते ६५ टक्क्यांपलीकडे उचलू नका. व्याज दरमहा भरा, वर्षअखेरीस एकदम नको. सगळे दागिने एकाच पावतीवर न ठेवता दोन-तीन वेगळ्या पावत्या करा, म्हणजे थोडे पैसे आले की एक पावती सोडवता येते. आणि गहाण ठेवण्यापूर्वी रेशनकार्ड, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड चालू आहे का ते पाहा. त्या कार्डावर तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचे वार्षिक संरक्षण आहे. कार्डाचे नूतनीकरण राहिले आणि इस्पितळासाठी बांगड्या मोडल्या, असे होऊ देऊ नका.

प्रश्न : कुटबण जेटीवर २०२४ मध्ये कॉलरा पसरला तेव्हा पंचायतीचे काम, आरोग्य खात्याचे काम, असे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. ट्रॉलरमालकाने स्वतः काय करावे, आणि त्याला ते परवडते का? (ट्रॉलरमालक, बेतूल)

उत्तर : आधी परवडण्याचे बोलू. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडतात तेव्हा मालकाचा पैसा तीन ठिकाणी अडकलेला असतो : डिझेल, बर्फ आणि खलाशांना गावी पाठवलेली उचल. कुटबणची साथ ऑगस्ट-सप्टेंबरात आली, त्यात खलाशी दगावले. अशा वेळी उरलेले ओडिशा-झारखंडची गाडी धरतात, उचल बुडते आणि हंगामाची तेजी किनाऱ्यावर नांगर टाकून बघावी लागते.

आता दुसरी बाजू. एक हजार लिटर बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर किमान अडीच ग्रॅम लागते. एका किलोत चार लाख लिटर होते. खर्चाचा प्रश्नच नाही, प्रश्न रोज करण्याचा आहे. पावडर थेट टाकीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, दहा मिनिटे चुना तळाला बसू द्या, वरचे निवळ टाकीत ओता, एक तास थांबा, मगच नळ उघडा. तासाभरानंतरही पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे. तपासणीची लहान पेटी मिळते, थेंब टाकला की पाणी पिवळसर होते. रंग आला नाही तर मात्रा वाढवा.

चुकते ते असे : पोते उघडे राहते आणि खाऱ्या दमट हवेत पावडरचा जोर महिन्याभरात जातो, मग तेच अडीच ग्रॅम टाकून काही होत नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, लोखंडी नको, गंजतो. टाकीचा तळ गाळाने भरलेला असेल तर क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतो, म्हणून हंगामाआधी टाकी घासून घ्या. आणि टाकी शुद्ध करून जेटीवर शौचालय नसेल तर सगळे मुसळ केरात. वीस-पंचवीस बोटींच्या मालकांनी मिळून फिरती शौचालये भाड्याने आणली तर माणशी खर्च एका खेपेच्या बर्फापेक्षा कमी पडतो.

प्रत्येक बोटीवर ओआरएसची निदान वीस पाकिटे ठेवा. संपली तर एक लिटर शुद्ध पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. भाताच्या पेजेसारखे जुलाब झाले की पाजत पाजत लगेच इस्पितळ. बोट परत आणायचे डिझेल वाचवायची ही वेळ नव्हे.

प्रश्न : घरातला मुलगा क्रूझवर आहे. साथीत परदेशातून येणारा पैसा आटतो का? (वाचक, असोळणा)

उत्तर : देशाचा फारसा आटला नाही, तुमचा आटू शकतो. २०२० च्या सुरुवातीला जगभरात अशा पैशांत २० टक्के घट होईल असा जागतिक बँकेचा होरा होता. प्रत्यक्षात भारताला त्या वर्षीही सुमारे ८,३०० कोटी डॉलर आले, म्हणजे आदल्या वर्षाइतकेच. संयुक्त अरब अमिरातीतून येणारा पैसा घटला, पण अमेरिकेसारख्या देशांतून येणारा टिकून राहिला. क्रूझवरच्या तारवट्याचे (जहाजावर नोकरी करणाऱ्याचे) तसे नाही. त्याचा पगार कंत्राटापुरता, आणि मार्च २०२० मध्ये प्रवासी जहाजेच थांबली. कंत्राट नाही तर पगार नाही. मालवाहू जहाजे चालू राहिली, तिथल्यांना उतरायलाच मिळेना आणि पगार चालू राहिला. म्हणून क्रूझवर असलेल्याने दोन कंत्राटांमधल्या नेहमीच्या सुटीचा खर्च बाजूला काढावा आणि वर एका पूर्ण चुकलेल्या कंत्राटाचा धरावा. घराचे कर्ज काढताना बारा महिन्यांच्या पगारावर हप्ता बसवू नका, आठ महिन्यांच्या बसवा.

प्रश्न : सरकारला पैसे कमी पडले तर नोटा का छापत नाहीत? (निवृत्त शिक्षक, वास्को)

उत्तर : गोवा सरकारला तो अधिकारच नाही. राज्याकडे उरते ते कर्ज आणि केंद्राचा हात. २०२०-२१ मध्ये राज्यांची कर्जमर्यादा राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांवरून पाच टक्के केली, त्यातल्या काही भागाला अटी होत्या. जीएसटीच्या भरपाईचा उपकर पुरला नाही, तेव्हा केंद्राने १.१० लाख कोटींचे कर्ज काढून ते राज्यांना दिले, आणि ते फेडायला उपकर २०२२ नंतरही चालू ठेवावा लागला. गोव्याला याची झळ जास्त, कारण जीएसटी माल खपतो तिथे पडतो आणि आपल्याकडे खपवणारे बरेचसे पाहुणे.

देशाला नोटा छापता येतात, पण डॉलर छापता येत नाहीत. श्रीलंकेकडे पाहा. २०१८ मध्ये पर्यटनातून त्यांना सुमारे ४४० कोटी डॉलर मिळाले होते. २०१९ चे ईस्टर बॉम्बस्फोट, त्यापाठोपाठ कोविड, शिवाय २०१९ अखेरची मोठी करकपात आणि २०२१ ची रासायनिक खतांवरची बंदी. तूट मध्यवर्ती बँकेच्या पैशाने भरत राहिले. एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्ज थकले आणि सप्टेंबरात महागाई ७० टक्क्यांच्या जवळ गेली. साथ एकटी एवढे करत नाही, आधीच्या चुकांना ती व्याज लावते.

प्रश्न : प्रकल्पासाठी गोव्याची तुलना कोणत्या देशाशी करावी? (विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर : दोन देश घ्या. सिएरा लिओन, कारण तिथेही लोहखनिज. इबोला आणि खनिजाचे पडलेले भाव एकाच वेळी आले. २०१३ मध्ये २० टक्क्यांनी वाढलेली अर्थव्यवस्था २०१५ मध्ये २० टक्क्यांनी आकसली. त्यातले खाणींचे किती आणि रोगाचे किती हे सुटे करून दाखवणे हाच तुमचा प्रकल्प होऊ शकेल. शेजारच्या लायबेरियात डॉक्टर, परिचारिका आणि सुईणींपैकी सुमारे आठ टक्के दगावल्या. ते नुकसान एका वर्षाच्या आकड्यात दिसत नाही, पुढची कित्येक वर्षे बाळंतपणात दिसते.

दुसरा मालदीव. २०२० मध्ये त्यांचे उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटले, जगातल्या मोठ्या घसरणींपैकी एक. १५ जुलै २०२० ला त्यांनी सीमा उघडल्या. एका बेटावर एकच रिसॉर्ट असल्याने पाहुणा आणि गाव वेगळे राहत होते, म्हणून भीती लवकर गेली. २०२१ मध्ये तेरा लाख पर्यटक आले, पहिला क्रमांक भारतीयांचा. गोव्यात पर्यटक आणि गाव एकाच बाजारात मासळी घेतात, हा फरक विसरू नका.

स्थानिक परिशिष्ट हवे असेल तर जुने गोवे आहेच. कॉलरा आणि मलेरियाने ते शहर रिकामे होत गेले, व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला हलला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

प्रश्न : आमच्याकडे कोविडपेक्षा माकडतापाची धास्ती मोठी. तो नेमका काजूच्या दिवसांत येतो. हंगाम सोडवत नाही आणि रानात जाववत नाही. काय करावे? (काजू बागायतदार, सत्तरी)

उत्तर : हा योगायोग नाही. या रोगाचा विषाणू वाहणाऱ्या गोचिडीची पिल्ले डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांत पाचोळ्यात सर्वाधिक असतात, आणि माणूसही तेव्हाच बोंडू (काजूचे रसाळ फळ) वेचायला वाकतो. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा ताप २०१५ मध्ये सत्तरीत पाली गावात पोचला.

घरातले तिघे ७५ दिवस वेचतात असे धरले तर २२५ मनुष्यदिवस होतात. एकाला ताप आला की अशक्तपणा धरून त्याचे तीन आठवडे आणि सोबत बसणाऱ्याचा एक आठवडा जातो. २८ दिवस, म्हणजे आठवा हिस्सा. कागदावर तो लहान दिसतो, पण जातो तो ऐन एप्रिलमध्ये. शिवाय बी आणि बोंडू यांचे नुकसान सारखे नसते. कोरड्या हवेत बी दोन-चार दिवस झाडाखाली पडून राहिली तरी विकली जाते. बोंडू त्याच दिवशी कोळंबीत (रसासाठी बोंडू तुडवण्याच्या जागी) गेला नाही तर आंबतो, किडतो. वेचणारे निम्म्यावर आले की आधी बुडतो तो हुर्राक (पहिल्या धारेची काजूची दारू), मग फेणी, आणि भट्टीवाल्याने पावणीत (लिलावात) बोललेली रक्कम मात्र आधीच भरलेली असते. माणसे कमी पडली तर सगळ्या बागेत थोडे थोडे वेचू नका. भट्टीजवळच्या अर्ध्या बागेतला बोंडू रोज उचला, लांबच्या अर्ध्यात तीन दिवसांनी फक्त बी गोळा करा.

हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. वाड्यावरच्या रुग्णाला वाळीत टाकण्याचे, त्याच्या घरची बी न घेण्याचे कारण नाही. रानात जाण्यापूर्वी आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल हातापायांना, मानेला लावा आणि बाटलीवर दिलेल्या वेळाने पुन्हा लावा. सकाळी एकदा लावून दुपारपर्यंत घाम गाळणे ही नेहमीची चूक. पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घाला, पाटलोण मोज्यात खोचा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, अंघोळ, आणि काखा, जांघा, कानामागची जागा दुसऱ्याकडून तपासून घ्या. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. पाचोळा गोठ्यात अंथरायला आणू नका, गोचीड त्यातूनच गुरांवर जाते.

रानात मेलेले माकड दिसले तर हात न लावता त्याच दिवशी आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. त्या भागात औषधाची भुकटी मारेपर्यंत वेचणारे दुसऱ्या बाजूला लावा. दोन-तीन दिवस बी पडून राहील, राहू दे. ताप अचानक चढला, डोके आणि कंबर फुटू लागली तर रक्त तपासताना 'रानात जातो, काजू वेचतो' हे डॉक्टरांना आपणहून सांगा, नाहीतर आठवडा मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्यांत जातो.